किमान तीस प्रती

जीनोममधली कोणतीही जागा निवडा. एकाच पेशीपासून सुरुवात केली, तर त्या जागेच्या किमान 30 प्रती हाती येण्याची शक्यता 0.78 पेक्षा कमी नाही, असे 95 टक्के विश्वासपातळीवर म्हणता येते. 1992 साली ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’ या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या एका पाच पानी निबंधाचा गाभा एवढाच आहे. एका पेशीतला सबंध जीनोम वाढवून घेणे आणि जनुकीय विश्लेषणासाठी त्याचा उपयोग, हा त्याचा विषय. लेखक सहा. पहिले नाव लिन झांग यांचे, शेवटचे नॉर्मन आर्नहाइम यांचे. काम झाले लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात.

या विषयात पुढे याहून कितीतरी मोठे आकडे आले आणि जास्त चतुर युक्त्याही निघाल्या. तरी मी पुन्हा पुन्हा वळतो तो याच निबंधाकडे. प्रश्न कसा विचारायचा, ते त्याने ठरवून दिले. डीएनए एकूण किती वाढला, हे कोणीही विचारील. या सहा जणांनी विचारले ते असे: जीनोमच्या ज्या कोपऱ्यात आपण अजून डोकावलोही नाही, तिथल्या मजकुराच्यासुद्धा पुरेशा प्रती झाल्या असतील का? पहिल्या प्रश्नाला सरासरी सांगून भागते. दुसऱ्याला मात्र सगळ्यात दुर्लक्षित जागेचाही हिशेब द्यावा लागतो. एका पेशीचा जीनोम वाढवण्याची सगळी कला या दुसऱ्या प्रश्नात आहे, असे मला वाटते.

हाती सामग्री किती होती, ते आधी पाहू. माणसाच्या एका शुक्रपेशीत सुमारे तीन पिकोग्रॅम डीएनए असतो. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले तीन. एवढ्यात तीनशे कोटींच्या वर अक्षरांचा मजकूर, आणि प्रत्येक अक्षराची प्रत एकच. ट्यूब बदलताना एखादा तुकडा काचेला चिकटून राहिला, तर तो मजकूर कायमचा गेला. शरीरातल्या इतर पेशींत आईकडून आलेला एक आणि वडिलांकडून आलेला एक असे दोन संच असतात, त्यामुळे एक हरवला तरी दुसरा निदान काहीतरी सांगतो. शुक्रपेशीत ती सोय नाही.

मग शुक्रपेशीच का घेतली? याचे उत्तर आर्नहाइम यांच्या आधीच्या कामात सापडते. डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर या तंत्राचा पहिला उपयोग दाखवणारा निबंध 1985 साली ‘सायन्स’मध्ये आला. सिकलसेलशी संबंधित जनुकीय बदल ओळखण्याचा तो प्रयोग होता, आणि त्याच्या लेखकांत पीसीआरचे शोधक कॅरी मलिस यांच्याबरोबर आर्नहाइमही होते. 1988 साली त्यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवले की एकाच शुक्रपेशीतला ठरावीक तुकडा पीसीआरने वाढवून वाचता येतो. त्यामागची ओढ होती गुणसूत्रांवरच्या जागांमधली अंतरे मोजण्याची. शुक्रपेशी तयार होताना त्या पुरुषाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जागा जितक्या जवळ, तितकी त्यांच्यामध्ये अदलाबदल होण्याची शक्यता कमी. ही अंतरे मोजायला शेकडो संतती लागतात. माशीला त्या होतात. माणसाच्या घरात मुले दोन-चार, आणि माणसांचे संकर ठरवून करता येत नाहीत. पण एकाच पुरुषाच्या कोट्यवधी शुक्रपेशी म्हणजे कोट्यवधी स्वतंत्र अदलाबदली. नकाशा काढण्यासाठी इतकी सामग्री माणसात दुसरीकडे कुठेच नाही.

अडचण एकच होती. एक शुक्रपेशी एकदाच वापरता येई. ट्यूबमध्ये घातली, तपासली, संपली. कोणत्या जागा पाहायच्या ते आधीच ठरवावे लागे आणि त्या सगळ्यांचे प्रायमर, म्हणजे प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे, एकाच वेळी घालावे लागत. उद्या नवी जागा सापडली, तर आजच्या पेशीला काही विचारता येत नसे. तीच अदलाबदल दुसऱ्या कोणत्याही पेशीत पुन्हा सापडायची नाही, म्हणून हे नुकसान भरून निघणारेही नव्हते. 1992च्या निबंधाने दिला तो या एकदाच होणाऱ्या गोष्टीचा साठा. पेशी संपते, पण तिच्या मजकुराच्या प्रती उरतात, आणि त्यातला थोडा थोडा भाग काढून निरनिराळे प्रश्न विचारता येतात.

आता रचना पाहू. नेहमीच्या पीसीआरमध्ये प्रायमर म्हणजे पत्ता. जो तुकडा हवा त्याच्या दोन टोकांना बसतील असे दोन छोटे तुकडे रसायनशाळेतून बनवून घ्यायचे. सगळाच जीनोम हवा असेल, तर पत्ता कोणता लिहायचा? निबंधाचे उत्तर असे की पत्ता लिहायचाच नाही. 15 अक्षरांचे प्रायमर घ्या, आणि त्या पंधराही जागी ए, टी, जी, सी यांपैकी कोणतेही अक्षर येऊ द्या. अशा मिश्रणात शक्य असलेले प्रकार 107 कोटींच्या वर जातात. त्यातल्या कोणत्याही एका प्रकाराशी तंतोतंत जुळणाऱ्या जागा शुक्रपेशीच्या जीनोममध्ये सरासरीने पाच-सहाच निघतील, पण सगळे प्रकार मिळून जीनोमची एकही जागा सुटत नाही. कोणाला झुकते माप द्यायचे नसेल, तर निवड करणाराच काढून टाकायचा. हा निर्णय मला या निबंधातला सर्वांत धाडसी वाटतो, कारण त्या काळी पीसीआरची सगळी प्रतिष्ठा अचूक पत्त्यावर उभी होती. इथे अचूकपणा हातचा सोडून दिला आहे, आणि तोही हेतुपूर्वक.

त्यानंतर येते तापमानांची मांडणी. ती सावकाश वाचण्यासारखी आहे. 92 अंशांवर एक मिनिट: डीएनएचे दोन धागे सुटे होतात. 37 अंशांवर दोन मिनिटे: प्रायमर जिथे जमेल तिथे बसतात. मग प्रत्येक अंशाला 10 सेकंद या संथ गतीने तापमान 55 पर्यंत चढवायचे. 18 अंशांची ही चढण तीन मिनिटांची होते. शेवटी 55 अंशांवर चार मिनिटे. एक, दोन, तीन, चार. फेरी दहा मिनिटांची, आणि अशा फेऱ्या 50. त्या काळातल्या यंत्राला थंड व्हायला लागणारा वेळ सोडला, तरी आठ तासांच्या वर जातात.

यातली मधली तीन मिनिटे घाईचा माणूस गाळून टाकील. प्रयोगाचा जीव मात्र त्यांतच आहे. पंधरा अक्षरांचा प्रायमर, आणि त्यातही एखादे अक्षर न जुळलेले, अशी पकड फार सैल असते. 37 अंशांवर ती टिकते, पण टाक पॉलिमरेज हे एन्झाइम तिथे अर्धवट झोपेत असते. यलोस्टोनच्या गरम झऱ्यात राहणाऱ्या जीवाणूचे हे एन्झाइम. त्याला जोर चढतो तो 70 अंशांच्या पुढे. तापमान एकदम वाढवले, तर एन्झाइम जागे होण्याआधीच प्रायमर सुटून जाईल. सावकाश वाढवले, तर 37 पासून चढता चढता एन्झाइम प्रायमरच्या टोकाला चार-दोन अक्षरे जोडत राहते. प्रायमर लांबला की पकड घट्ट होते, आणि पकड घट्ट झाली की पुढचा अंश सोसतो. दोन विरुद्ध गरजा या चढणीवर एकमेकींना सांभाळून घेतात. 55 वर पोहोचेपर्यंत प्रायमर सुटण्याच्या पलीकडे गेलेला असतो, आणि मग चार मिनिटे निवांत लिखाण चालते.

पेशी उघडण्याची पद्धतही अशीच विचारपूर्वक ठरवलेली आहे. शुक्रपेशीत डीएनए प्रोटॅमिन नावाच्या प्रथिनांभोवती फार घट्ट आवळलेला असतो, आणि गंधकाचे बंध तो आवळ पक्का करतात. ते तोडायला डीटीटी हे रसायन आणि जोडीला तीव्र अल्कली लागते. नंतर त्याच ट्यूबमध्ये आम्ल घालून समतोल साधायचा. डीएनए दुसऱ्या भांड्यात कुठेही जात नाही. एकच प्रत असताना ती हलवायची नाही, हे शहाणपण पुढच्या प्रत्येक पद्धतीने जपले आहे.

आता पुन्हा त्या 30 या आकड्याकडे येऊ. पीसीआरच्या 30 फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत दुप्पट झाली, तर एकाच्या 107 कोटी प्रती होतात. (गणिताची गंमत म्हणजे 15 अक्षरांच्या प्रायमरांचे शक्य प्रकार आणि या प्रती यांचा आकडा अगदी एकच येतो.) आणि इथे 50 फेऱ्यांनंतर आश्वासन मिळते ते फक्त 30 प्रतींचे! हा सगळा संयमाचा परिणाम आहे असे म्हटले, तर ते खोटे कौतुक होईल. यादृच्छिक प्रायमर मुळात अकार्यक्षम असतात. तयार झालेल्या प्रतीच्या मध्येच दुसरा प्रायमर बसतो आणि पुढची प्रत आखूड निघते. तरीही या अल्पसंख्येत एक मोठा गुण दडलेला आहे. तो कळायला वाढीचे गणित करून पाहावे लागते.

समजा, जीनोममधल्या एका जागी दर फेरीत 90 टक्के यश येते आणि दुसऱ्या जागी 80 टक्के. प्रतीवरून प्रत काढत दुपटीने वाढ होऊ दिली, तर 30 फेऱ्यांनंतर पहिली जागा दुसरीच्या पाचपट झालेली असते. याउलट दर फेरीत फक्त मूळ धाग्यावरूनच प्रत काढली, तर कितीही फेऱ्या केल्या तरी ते अंतर नवास आठ एवढेच राहते. छापखाना येण्याआधी पोथ्यांचे हेच होत असे. मूळ प्रतीवरून पन्नास नकला काढल्या, तर प्रत्येकीत तिची तिची चूक. नकलेवरून नक्कल निघत गेली, तर पहिल्या लेखनिकाने गाळलेली ओवी पुढच्या सगळ्या पोथ्यांतून नाहीशी. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करायला शके 1506 मध्ये एकनाथांना बसावे लागले ते अशाच साचत गेलेल्या पाठभेदांमुळे. 1992च्या पद्धतीत प्रतीवरून प्रत निघते, पण मूळ धागा 50 च्या 50 फेऱ्यांत साचा म्हणून कामात राहतो आणि नव्या प्रती आखूड होत मागे पडतात. वाढ कमी, पण विषमताही त्या मानाने कमी.

आणि 30 प्रती कशाला पुरतात? ट्यूबमधल्या द्रावाचे दहा सारखे वाटे करा. प्रत्येकात सरासरी तीन प्रती येतात, आणि एखाद्या वाट्यात एकही न येण्याची शक्यता 4 टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे एक शुक्रपेशी जवळजवळ निर्धास्तपणे दहा वेळा तपासता येते. दर वाट्यावर नेहमीचा पीसीआर करून हवी ती जागा वाचायची. लेखकांना मोठा आकडा नकोच होता. त्यांना पुन्हा विचारण्याची सोय हवी होती, आणि तेवढ्यापुरते 30 भरपूर आहेत.

पुराव्याची बांधणी मला रचनेइतकीच आवडते. त्यांनी 12 जागा तपासल्या. तीनशे कोटी अक्षरांपुढे बारा म्हणजे फारच थोड्या, आणि इथेच एखादा उत्साही लेखक ‘सर्व जागा वाढल्या’ असे लिहून मोकळा झाला असता. सहा लेखकांत विल्यम नाविडी हे संख्याशास्त्रज्ञ आहेत, आणि निबंधाच्या भाषेवर त्या शिस्तीची छाप आहे. बारा जागांवरून न पाहिलेल्या जागांबद्दल किती बोलता येते, याची खालची मर्यादा काढून तीच त्यांनी सारांशात ठेवली. निरीक्षणातून निघणारा अंदाज या मर्यादेपेक्षा वरचाच असणार. तो दिसायलाही देखणा असता. त्यांनी पुढे केला तो कमीत कमी आकडा. शुक्रपेशी निवडण्याचे मोलही इथे पुन्हा कळते. दोन संचांच्या पेशीत एखादी जागा वाढली असे दिसले, तरी दोन्हीपैकी एकच प्रत वाढली असेल. दुसरीचे हरवणे झाकले जाते. शुक्रपेशीत जागा दिसली किंवा दिसली नाही, एवढे दोनच निकाल. स्वतःची परीक्षा घेताना त्यांनी सर्वांत कडक परीक्षक निवडला.

उणिवा आहेत, आणि त्या लपवण्याचे कारण नाही. 0.78 चा दुसरा अर्थ असा की पाचांतली एखादी जागा हातून गेली असेल. टाक पॉलिमरेजला स्वतःची चूक मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही. 50 फेऱ्यांत चुका साचतात. तुकडे लहान निघतात. नकाशा काढताना हे चालून जाते, कारण एक पेशी फसली तर दुसरी घेता येते. गर्भाच्या एका पेशीवरून रोगनिदान करायचे असेल, तर दुसरी संधी नसते. निबंधात जनुकीय रोगांच्या निदानाचा उल्लेख ‘कदाचित’ म्हणून येतो. तो शब्द तिथे असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

कारण ते दार तेव्हा नुकतेच उघडले होते. 1990 साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अ‍ॅलन हँडिसाइड यांच्या गटाने गर्भाशयात सोडण्याआधीच्या गर्भातून एक पेशी काढली. वाय गुणसूत्राचा तुकडा वाढतो का ते पाहिले आणि त्यावरून गर्भाचे लिंग ओळखले. मुलग्यांतच उतरणारे गंभीर आजार टाळणे हा त्यांचा हेतू. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचताना वेगळीच आठवण होते. गर्भलिंग चाचण्यांना आवर घालणारा देशातला पहिला राज्य कायदा 1988 साली इथेच झाला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि 2003च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची तंत्रेही त्याखाली आली. तीच एक पेशी, तेच वाय गुणसूत्र. एका देशात ती रोगापासून सुटका होती, दुसऱ्यात मुलींच्या जिवावर उठू शकणारी चाचणी. इथे बीटा थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या कुटुंबांसाठी याच तंत्राची वारसदार चाचणी कायद्याच्या चौकटीत करता येते, हे त्या तंत्राचे खरे काम आहे.

पुढच्या वीस वर्षांत या विषयात दोन मोठ्या चाली झाल्या, आणि दोन्ही 1992च्याच प्रश्नाला दिलेली उत्तरे आहेत. पहिली माद्रिदहून आली. मार्गारिटा सालास यांनी आयुष्य घालवले ते फाय29 या विषाणूच्या अभ्यासात. हा विषाणू मातीतल्या बॅसिलस सबटिलिस या जीवाणूवर जगतो. त्याचे पॉलिमरेज एकदा धाग्यावर बसले की हजारो अक्षरे न सुटता लिहीत जाते, वाटेतला दुसरा धागा स्वतःच बाजूला सारते आणि चूक झाली तर मागे फिरून ती खोडते. त्याला 92 अंश लागत नाहीत, फेऱ्या लागत नाहीत. 30 अंशांवर ट्यूब ठेवून द्यायची. 2002 साली रॉजर लास्केन यांच्या गटाने दाखवले की जीनोमच्या एक ते दहा प्रतींपासून या मार्गाने 20 ते 30 मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो. लांबी आणि अचूकपणा दोन्ही साधले. पण बाजूला सारलेल्या धाग्यावर नवा प्रायमर बसतो, त्याच्यावर आणखी. फांद्यांना फांद्या फुटत जातात, आणि जिथे पहिली फांदी आधी फुटली ती जागा एका पेशीत बेसुमार पुढे निघून जाते.

दुसरी चाल 2012 साली हार्वर्डमध्ये सनी शी यांच्या गटाने केली. तिचे नाव मालबॅक. तिथल्या प्रायमरमध्ये 27 ठरावीक अक्षरे आणि पुढे 8 यादृच्छिक. अशा प्रायमरने दोन्ही बाजूंनी पूर्ण झालेल्या प्रतीची दोन टोके एकमेकांना पूरक होतात, तापमान उतरताच ती जुळतात आणि प्रत स्वतःभोवती वळून फासा होते. फाशात अडकलेली प्रत साचा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या पाच फेऱ्यांत नव्या प्रती निघतात त्या मूळ धाग्यावरून आणि त्याच्या पहिल्या पिढीवरून. पुढच्या पिढ्यांना थांबावे लागते. त्यानंतरच नेहमीचा पीसीआर. 25 पट खोलीवर वाचन केल्यावर एका कर्करोग पेशीचा 93 टक्के जीनोम निदान एकदा तरी वाचला गेला. प्रतीवरून प्रत निघण्यावर रसायनानेच बांध घालणे ही कल्पना मला विलक्षण सुंदर वाटते. 1992 मध्ये जे प्रतींच्या आखूडपणामुळे अर्धेमुर्धे घडले होते, ते इथे ठरवून घडवलेले आहे.

‘सायन्स’च्या त्याच अंकात त्याच गटाचा दुसरा निबंध होता, आणि त्याचा विषय शुक्रपेशीच होत्या. एका पुरुषाच्या 99 शुक्रपेशींचे जीनोम वाढवून वाचले होते, आणि प्रत्येक पेशीत अदलाबदलीच्या जागा मोजल्या होत्या. सरासरी आली 26. आर्नहाइम यांच्या गटाला एका पेशीत मूठभर जागांचा क्रम लावता येई. इथे सगळ्या गुणसूत्रांचा नकाशा पेशीपेशीतून निघाला. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये स्टीफन क्वेक यांच्या गटाने फाय29च्या वाटेने दुसऱ्या एका पुरुषाच्या 91 शुक्रपेशी तपासल्या. तिथे सरासरी 23 च्या जवळ आली. माणसामाणसांत या संख्येचा फरक असतोच, त्यामुळे दोन्ही आकडे खरे असू शकतात. पण ते शेजारी ठेवून पाहताना 1992चा वाचक आधी हेच विचारील, की कोणत्या पद्धतीत कोणत्या जागा वाढल्याच नाहीत, आणि त्या जागांमध्ये किती अदलाबदली न मोजता राहिल्या.